गावात घर बांधताना ठेकेदाराची निवड, करार आणि टप्प्याटप्प्याची तपासणी

विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या दुकानांच्या आसपास ‘शासनमान्य ठेकेदार’ अशी पाटी किंवा कार्ड हमखास आढळते. त्या दोन शब्दांचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्या व्यक्तीची सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा जिल्हा परिषदेकडे ठरावीक रकमेपर्यंतची सरकारी कामे घेण्यासाठी नोंदणी झालेली आहे. तो रस्ते चांगले करत असेल, शाळेच्या खोल्याही बांधत असेल. पण काळ्या मातीत तुमच्या दोन खोल्यांचा पाया तो किती खोल नेईल, याविषयी ती नोंदणी काहीही सांगत नाही. खासगी घर बांधणाऱ्या ठेकेदाराने परीक्षा देऊन परवाना घ्यावा आणि काम बिघडल्यास तो परवाना रद्द व्हावा, अशी व्यवस्था महाराष्ट्रात नाही. जीएसटी क्रमांक असणे म्हणजे व्यवसायाची कर खात्याकडे नोंद असणे, आणि उद्यम प्रमाणपत्र तर अर्जदाराच्या स्वतःच्या घोषणेवर मिळते. दोन्ही कागद असलेले बरे, मात्र त्यांतून कारागिरी सिद्ध होत नाही.

घराच्या कामात परवाना खरोखर ज्यांच्याकडे असतो ते लोक वेगळेच आहेत. वास्तुविशारदाची नोंदणी १९७२ च्या कायद्याखाली स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे असते, नकाशावर सही करणारा अभियंता परवानाधारक असतो आणि विजेच्या फिटिंगचा ठेका घेणाऱ्यालाही परवाना लागतो. घर बांधणारा मुख्य ठेकेदार मात्र बिनपरवान्याचाच राहतो. म्हणून जे काम परवान्याने करायला हवे होते ते घरमालकाला तीन गोष्टींकडून करवून घ्यावे लागते: अभियंत्याने काढलेला सविस्तर नकाशा, लेखी करार, आणि कामाच्या नेहमी एक पाऊल मागे राहणारा पैसा.

ठेकेदाराला भेटण्यापूर्वी

जागेचे कागद आधी पाहावेत. गावठाणातील घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, आणि स्वामित्व योजनेत मोजणी झाली असल्यास मालमत्ता पत्रक. गावठाणाबाहेरील जागेसाठी सातबारा आणि अकृषक वापराची स्थिती. परवानगी ग्रामपंचायतीकडून लागेल की वरच्या कार्यालयातून, हे जागेवर आणि भूखंडाच्या आकारावर ठरते. ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) विचारून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. कर्ज काढायचे असल्यास बँक मंजूर नकाशा आणि अंदाजपत्रक मागतेच.

हे सांगताना एक अपवाद आधीच नोंदवला पाहिजे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलात ठेकेदार नेमण्यास मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे; लाभार्थ्याने घर स्वतः उभे करावयाचे असते, गवंडी व मजूर अर्थातच लावता येतात. त्या योजनेचा हप्ता टप्प्याचा जिओ-टॅग केलेला फोटो चढल्याशिवाय खात्यात येत नाही. ही शिस्त लोकांना जाचक वाटते. स्वतःच्या पैशाने घर बांधणाऱ्यानेही ती आपल्या कामाला लावून घ्यावी, असे माझे मत आहे.

नकाशाच्या बाबतीत होणारी काटकसर सर्वांत महाग पडते. ‘मिस्त्रीला सगळं समजते’ म्हणून कागदावर चार रेघा ओढून काम सुरू करणारी घरे गावोगावी आहेत. निव्वळ खोल्यांची मांडणी दाखवणारा नकाशा पुरेसा नसतो. फुटिंगची (कॉलमखालच्या पायथ्याची) लांबी, रुंदी आणि खोली, कॉलमचे आकार, बीम आणि स्लॅबमधील सळईचा व्यास व अंतर, काँक्रीटचे प्रमाण हे सर्व ज्या पानांवर आहे ती पाने हातात असली पाहिजेत. त्यांच्या आधारेच दोन ठेकेदारांचे भाव एकमेकांशी ताडून पाहता येतात. तसे न केल्यास प्रत्येक जण मनातल्या वेगवेगळ्या घराचा भाव सांगतो. अभियंत्याशी बोलतानाच त्याच्या भेटी ठरवून घ्याव्यात: पायाचा खड्डा झाल्यावर, फुटिंगची सळई बांधल्यावर, प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीवर कॉलम बांधणाऱ्या काँक्रीटच्या पट्ट्याच्या) वेळी आणि स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी. या भेटींचे पैसे वेगळे द्यावे लागले तरी द्यावेत.

ठेकेदार कसा शोधावा

नवे रंगवलेले घर पाहून ठेकेदार पसंत करू नये. त्याने बांधलेले आणि निदान दोन पावसाळे काढलेले घर पाहावे, तेही शक्यतो आपल्यासारख्याच जमिनीवरचे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम, वर्धा या पट्ट्यातल्या भारी काळ्या जमिनीत काम करणे आणि भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात किंवा गडचिरोलीकडच्या मुरमाड जमिनीत काम करणे यांत पुष्कळ फरक आहे. एकीकडे नावाजलेला माणूस दुसरीकडे चुकू शकतो.

घर पाहायला गेल्यावर नजर खिडक्यांच्या कोपऱ्यांवर न्यावी. खिडकीच्या कोपऱ्यातून वर किंवा खाली तिरपी गेलेली आणि एका टोकाला रुंद होत जाणारी भेग पाया हलल्याची खूण असते. छपाईवर (प्लास्टरवर) जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक भेगा बहुधा पाणी कमी मारल्यामुळे पडतात. फरशी भिंतीपासून सुटली आहे का, दरवाजा चौकटीत अडकतो का, स्लॅबच्या खालच्या बाजूला सळईच्या रेषेत तांबूस डाग आले आहेत का, हे पाहावे. घरमालकाशी ठेकेदार जवळ नसताना बोलावे आणि त्याला ‘काम कसं झालं’ असे मोघम न विचारता नेमके प्रश्न विचारावेत: ठरलेल्या रकमेवर अखेरीस किती वाढले, काम मध्येच किती दिवस बंद पडले, घरात राहायला आल्यानंतर बोलावले तेव्हा ठेकेदार आला का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोलके असते.

चौकशीची आणखी एक जागा म्हणजे तालुक्यातील सिमेंट-लोखंडाचा दुकानदार. कोणता ठेकेदार उधारी वेळेवर फेडतो आणि कोण एका साइटच्या पैशात दुसऱ्या साइटची उधारी भागवतो, हे त्याला ठाऊक असते. सध्या किती कामे चालू आहेत हेही ठेकेदाराला विचारून प्रत्यक्ष जाऊन पाहावे. दोन टोळ्यांच्या बळावर पाच घरे घेतलेला माणूस तुमच्या घराचा इसार घेऊन खड्डे खोदून देतो आणि महिनाभर दिसत नाही.

भाव: मजुरीचा की साहित्यासह

गावाकडे दोन पद्धती आहेत. मजुरीच्या ठेक्यात साहित्य मालकाचे आणि काम ठेकेदाराचे असते, भाव चौरस फुटावर. साहित्यासह ठेक्यात सर्व काही ठेकेदाराचे. मालक किंवा घरातले कोणी रोज साइटवर राहू शकत असेल तर मजुरीचा ठेका बरा, कारण सिमेंट-लोखंडाची निवड आपल्या हाती राहते. नोकरीसाठी बाहेरगावी असलेल्याने साहित्यासह ठेका द्यावा, पण मग करारात सिमेंटचा प्रकार, सळईची श्रेणी, विटांचा प्रकार, टाइल्सचा प्रति चौरस फूट भाव, नळ-तोट्यांची आणि वायरची कंपनी असे सर्व लिहून घ्यावे. ‘चांगल्या क्वालिटीचे’ हा शब्द करारात येऊ देऊ नये. वाद झाला की त्याला काडीची किंमत राहत नाही.

एकाच स्वतंत्र घराच्या नवीन बांधकामाच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्याला जीएसटीतून सूट आहे. साहित्यासह ठेक्यावर नोंदणीकृत ठेकेदार १८ टक्के दराने कर लावतो. त्यामुळे भाव करासह की कराशिवाय, हे सुरुवातीलाच विचारावे. ठेकेदाराने जीएसटी क्रमांक दिल्यास तो जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणी कोणाच्या नावाची आहे आणि चालू आहे की रद्द, हे कोणालाही विनाशुल्क पाहता येते.

खरा घोळ मोजमापात होतो. ८०० चौरस फुटांचे घर म्हणताना मालकाच्या डोक्यात भिंतींसह तळमजला असतो, तर ठेकेदार शेवटचे बिल स्लॅबच्या मापावर, म्हणजे छज्जे, पोर्च आणि जिन्याचा भाग धरून काढतो. यांपैकी काय पूर्ण मापाने, काय अर्ध्या मापाने आणि काय मोफत, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरले पाहिजे. त्याचबरोबर जोत्याची उंची किती फुटांपर्यंत भावात धरली आहे, पायाची खोली किती धरली आहे आणि त्याहून खोल जावे लागल्यास वाढीव दर काय, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, वाल कंपाउंड, पॅरापेट, ओटा आणि किचनचा कडप्पा आत की बाहेर, सेंट्रिंगचे (स्लॅबखालच्या तात्पुरत्या आधाराचे) साहित्य व मिक्सरचे भाडे कोणाचे, साइटवरचे पाणी कोणी आणायचे, याची एक यादीच करावी. तीन ठेकेदारांना तीच यादी आणि तोच नकाशा देऊन लेखी भाव मागवावेत. बाकीच्या दोघांपेक्षा फारच खाली असलेला भाव स्वस्त नसतो. त्याने यादीतले काहीतरी सोडलेले असते किंवा पुढे ‘एक्स्ट्रा’मध्ये काढायचे ठरवलेले असते.

करार

ओळखीतल्या माणसाशी कागद करणे गावात अजूनही अवघड जाते. ‘आमच्यावर भरवसा नाही का भाऊ’ हे वाक्य त्या वेळी ऐकावे लागतेच. भरवसा असल्यामुळेच ठरलेले विसरू नये म्हणून लिहून ठेवतो, एवढे उत्तर पुरते. किमान मुद्रांक आता ५०० रुपयांचा आहे. १०० रुपयांच्या स्टँपचा व्यवहार ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. रक्कम मोठी असल्यास मुद्रांक शुल्क वाढू शकते, ते मुद्रांक विक्रेत्याकडे किंवा वकिलाकडे विचारून घ्यावे. करारावर दोन साक्षीदारांच्या सह्या आणि दोन्ही पक्षांच्या ओळखपत्रांच्या प्रती असाव्यात. नकाशाची पाने आणि वर सांगितलेली यादी कराराला जोडून त्यांच्या प्रत्येक पानावर सही घ्यावी.

कराराच्या मजकुरात भाव, मोजमापाची पद्धत आणि हप्ते यांखेरीज चार गोष्टी आवर्जून असाव्यात. पहिली, वाढीव कामाचा नियम: दर आधी लिहून दोघांची सही झाल्याशिवाय कोणतेही जादा काम बिलात धरले जाणार नाही. दुसरी, मुदत, आणि काम सलग किती दिवस बंद राहिल्यास मालकाला दुसरा ठेकेदार लावता येईल याची अट. तिसरी, निकृष्ट काम अभियंत्याने लेखी नाकारल्यास ते ठेकेदाराने स्वखर्चाने तोडून पुन्हा करणे. चौथी, मजुरांच्या मजुरीची व अपघाताची जबाबदारी. या चौथ्या अटीचे महत्त्व परांचीवरून, बल्लीवरून किंवा स्लॅबवरून कोणी पडल्यावरच कळते. नुसती अट लिहून भागत नाही. ठेकेदाराने मजुरांचा अपघात विमा काढला असल्यास पॉलिसीची प्रत घ्यावी, नसल्यास कामाच्या काळापुरता काढायला लावून खर्च वाटून घ्यावा. मजूर आणि रेजा (स्त्री मजूर) यांची महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी आहे का, हेही विचारावे. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराला ती करता येते.

पैसे कसे द्यावेत

मजुरीच्या ठेक्यासाठी पुढील विभागणी मला योग्य वाटते: इसार ५ टक्के, जोते पूर्ण झाल्यावर २०, भिंती लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या आडव्या पट्टीपर्यंत) आल्यावर १५, स्लॅबसाठी २५ आणि त्यातले निम्मे सेंट्रिंग काढून खालची बाजू पाहिल्यानंतर, छपाईला १५, फरशी व किरकोळ कामांना १०, आणि शेवटचे १० टक्के एक पावसाळा होईपर्यंत राखून. शेवटच्या रकमेवरून घासाघीस होते. ती ५ टक्क्यांवर आली तरी चालेल, शून्यावर मात्र येऊ देऊ नये.

ही विभागणी कागदावर सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात ठेकेदाराला दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी मजुरांची खर्ची वाटावी लागते, आणि ती त्याच्याजवळ नसली की मजूर दुसऱ्या दिवशी येत नाहीत. म्हणून आठवडी खर्ची द्यावीच लागते. तिला नकार देणारा मालक स्वतःचेच काम थांबवतो. फक्त ती चालू टप्प्याच्या रकमेतून वजा होईल आणि कोणत्याही क्षणी दिलेली एकूण रक्कम झालेल्या कामाच्या पुढे जाणार नाही, एवढी मर्यादा पाळावी. यूपीआयने दिलेल्या पैशाची नोंद आपोआप राहते; रोख दिल्यास वहीत तारीख, रक्कम, कशासाठी आणि सही. मुलीचे लग्न, दवाखाना, ट्रॅक्टरचा हप्ता अशा कारणांनी ठेकेदार उचल मागतो, आणि कारण खरेही असते. तरी घराच्या हप्त्यातून ती देऊ नये. द्यायचीच असेल तर वेगळी उसनवारी म्हणून द्यावी.

पाया: येथे घाई चालत नाही

काळी माती पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे फुगणे-आकसणे वरच्या थरात जास्त असते आणि खाली कमी होत जाते. सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांच्या खाली ते नगण्य मानले जाते. हलके घर या हालचालीला अधिक बळी पडते, कारण फुगणारी माती त्याला उचलू शकते. ‘एकच मजला आहे, खोल कशाला’ हा युक्तिवाद म्हणूनच उलटा आहे. मुरूम चार-सहा फुटांवर लागत असेल तर फुटिंग थेट मुरमावर न्यावी. तो फार खाली असेल तर अभियंता फुटिंगखाली मुरमाचा दाबलेला थर सुचवतो किंवा तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्यायला सांगतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी ही पद्धत पुढे आणली. कॉलम एकमेकांना बांधणारी प्लिंथ बीम तर कोणत्याही पर्यायात लागतेच.

खड्डे बहुधा एप्रिल-मे मध्ये खोदले जातात आणि तेव्हा एक प्रसंग ठरलेला असतो. चार फुटांवर कुदळ ठणकू लागते आणि मिस्त्री सांगतो, ‘कडक लागलं, आता खाली जायचं काम नाही.’ वाळलेली काळी चिकण मातीही मे महिन्यात दगडासारखी कडक लागते. अशा वेळी संध्याकाळी खड्ड्याच्या तळाशी दोन बादल्या पाणी ओतून ठेवावे आणि सकाळी तळातली चिमूटभर माती बोटांत मळून पाहावी. ती साबणासारखी गुळगुळीत होऊन बोटांना चिकटली, तिची दोरी वळता आली, तर अजून मातीच आहे. खरखरीत कण हाताला लागून ती सुटी राहिली तर मुरूम आला. शेवटचा निर्णय अभियंत्याचा, पण त्याला केव्हा बोलवायचे ते या परीक्षेने कळते.

दुसरी जपण्याची जागा म्हणजे जोत्याची भरती. खड्ड्यांतून निघालेली काळी माती जागेवरच पडलेली असते, ती उचलून न्यायला ट्रॅक्टर लागतो आणि मुरूम विकत आणावा लागतो. साहजिकच ती माती गुपचूप जोत्यात जाते. पहिल्या दोन पावसाळ्यांत फरशी मध्येच उचलली जाते किंवा भिंतीच्या कडेने खचते, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. भरती मुरमाचीच, सहा ते नऊ इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि दुरमुस करून व्हावी, आणि प्रत्येक थराचा फोटो ठेवावा. घर झाल्यावर भोवती पक्की पट्टी करावी, न्हाणीचे सांडपाणी भिंतीच्या कडेला मुरू देऊ नये आणि कडुनिंब-पिंपळासारखी झाडे भिंतीजवळ लावू नयेत. एका बाजूची माती ओली आणि दुसऱ्या बाजूची कोरडी राहिली की घर तिरपे ओढले जाते.

पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांच्या त्या गावांत, पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. बोअरचे खारे पाणी काँक्रीटमध्ये गेले तर आतली सळई गंजते आणि काही वर्षांनी स्लॅबचे पापुद्रे निघू लागतात. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार सळई असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. क्लोराइड जास्त निघाल्यास काँक्रीट कालवायला आणि त्यावर मारायला गोड्या पाण्याचा टँकर कोण आणणार, हे करारात लिहावे. नाहीतर तो खर्च नंतर दोघांपैकी कोणीच मान्य करत नाही.

साहित्य उतरवून घेताना

सिमेंटच्या पोत्यावर कोणत्या आठवड्यात ते भरले याची नोंद छापलेली असते; तीन महिन्यांपेक्षा जुने पोते परत करावे. सळईवर आयएस १७८६ चे चिन्ह आणि श्रेणी उमटलेली पाहावी, आणि एखादी सळई काट्यावर टाकावी. १२ मिलिमीटर व्यासाच्या १२ मीटर सळईचे वजन १०.७ किलोच्या आसपास भरायला हवे. मानकात या व्यासाला पाच टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्याहून हलकी निघाल्यास तो लॉट परत करावा. रेती ब्रासवर मिळते, म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची आतली लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटांत मोजून गुणाकार करावा, कारण ‘एक ब्रासची ट्रॉली’ क्वचितच एक ब्रासची असते. वाहतूक परवान्याची पावती मागावी. पकडल्या गेलेल्या अवैध रेतीचा त्रास कधीकधी साठा ज्याच्या अंगणात आहे त्याच्याही मागे लागतो. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस या औष्णिक केंद्रांमुळे राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात. त्या आकाराला सारख्या असतात आणि छपाईचा माल वाचवतात. पक्क्या होण्याआधीच कारखानदाराने धाडलेल्या असल्या तर मात्र कडा हातात येतात.

स्लॅबचा दिवस

आदल्या दिवशी अभियंत्याने सळई तपासून वहीत सही केल्याशिवाय मिक्सर बोलावू नये. त्या तपासणीत आपणही टेप घेऊन सळयांमधील अंतर नकाशाशी ताडून पाहावे. सळईखाली २० मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई उचलून धरणारे ठोकळे) आहेत की गिट्टीचे खडे सरकवले आहेत, वरची सळई मजुरांच्या पायांखाली दबून खाली बसू नये म्हणून चेअर (वाकवलेल्या सळईचे टेकू) दिल्या आहेत का, विजेचे पाइप टाकले का, बल्ल्या भुसभुशीत भरतीवर न ठेवता खाली फळी देऊन टेकवल्या आहेत का, हे पाहावे. व्हायब्रेटर चालू करून बघावा.

मालाचा हिशोब आधीच करून ठेवावा. ८०० चौरस फुटांचा ५ इंची स्लॅब म्हणजे सुमारे ३३३ घनफूट, साडेनऊ घनमीटर काँक्रीट. एम-२० या श्रेणीच्या काँक्रीटसाठी १:१.५:३ (सिमेंट, रेती, गिट्टी) या प्रमाणात घनमीटरला साधारण ८ पोती लागतात, म्हणून ७५ पोती तरी धरावीत. बीमचा माल वेगळा. काम संपल्यावर रिकामी पोती मोजली की प्रमाण पाळले की नाही याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पाणी हे त्या दिवशीचे मुख्य भांडण असते. माल पातळ असला की पसरवायला सोपा जातो, म्हणून मिक्सरवाला पाइप सोडून देतो. एम-२० ला पोत्यामागे ३० लिटर ही मर्यादा आहे, आणि रेती ओली असल्यास त्याहूनही कमी. पाइप बंद ठेवून मापाच्या बादलीनेच पाणी टाकायला लावावे आणि त्या ठिकाणी घरातला एक माणूस दिवसभर उभा करावा. उन्हाळ्यात काम पहाटे सुरू करावे. दुपारी ४५ अंशांच्या उन्हात माल पसरण्याआधीच बसू लागतो.

त्यानंतरचे दिवस अधिक महत्त्वाचे. आयएस ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि कोरड्या, तापलेल्या हवेत किमान १० दिवस काँक्रीट सतत ओले राहिले पाहिजे. राख मिसळलेल्या पीपीसी सिमेंटला ते १४ दिवसांपर्यंत न्यावे, आणि आज गावात मिळणारे सिमेंट बहुतेक पीपीसीच असते. दिवसातून दोन वेळा पाइपने शिंपडणे म्हणजे सतत ओले ठेवणे नव्हे. मातीचे वाफे करून पाणी साठवावे. हे काम शेवटी घरच्या बाईच्याच वाट्याला येते, म्हणून करारात ते कोणाचे हे लिहिताना तिला विचारावे. खालच्या बल्ल्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधील अंतराला) ७ दिवसांपूर्वी आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवसांपूर्वी हलवू नयेत. बीमखालच्या बल्ल्यांना १४ दिवस, आणि सहा मीटरपेक्षा लांब बीमला २१ दिवस. ही मुदत साध्या सिमेंटसाठी आहे. पीपीसीला अभियंता आणखी दिवस सांगेल. सेंट्रिंगवाल्याला पुढच्या साइटची घाई असते. त्याचे भाडे दोन दिवसांनी वाढले तरी चालेल.

या कारणाने स्लॅब डिसेंबर-जानेवारीत यावा असे नियोजन सर्वांत चांगले. पाणी असते, ऊन सौम्य असते. अडचण एवढीच की तेव्हा मजूर कापूस वेचणीत गुंतलेले असतात. त्याआधी सोयाबीनची सोंगणी, पुढे होळीला मेळघाटचे कोरकू मजूर गावी जातात, पूर्वेकडे मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे मध्ये तेंदूपाने, आणि जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी. ठेकेदाराचे वेळापत्रक या पंचांगाशी लावून पाहावे. ज्याने होळीच्या आठवड्यात छपाई लिहिली आहे त्याने विचार केलेला नाही.

वीज

फिटिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यावी. महावितरणच्या नव्या जोडणीसाठी त्याचा चाचणी अहवाल लागतो. गावातल्या वायरमनने काम करायचे आणि सही दुसऱ्याची आणायची, ही पद्धत सर्रास आहे व ती टाळावी. अर्थिंग आणि आरसीसीबी (वीज गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) यांवर पैसे वाचवू नयेत.

पावसाळ्यानंतरचा हिशोब, आणि वाद झाल्यास

राखून ठेवलेली रक्कम पोळ्याच्या सुमारास, पाऊस भरात असताना, घर बघून ठरवावी. छतातून पाझर आहे का, न्हाणीच्या भिंतीला ओल चढली का, आणि भेगा. भेग दिसल्यास लगेच सिमेंटने भरू नये. तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून शेजारी तारीख लिहावी. दिवाळीपर्यंत काच शाबूत राहिली तर हालचाल थांबली आहे. ठेकेदाराने भेग भरून द्यावी आणि आपली रक्कम घेऊन जावी. काच तडकली तर पाया हलत आहे. मग दुरुस्तीआधी अभियंत्याचा लेखी अहवाल घ्यावा.

ठेकेदार दाद देत नसेल तर आधी दोष, तारखा आणि मुदत लिहून स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. महारेराकडे जाण्याचा सल्ला काही जण देतात, पण महारेराचे क्षेत्र प्रकल्प उभारून सदनिका वा भूखंड विकणाऱ्यांचे आहे. स्वतःच्या जागेवर लावलेल्या ठेकेदाराविरुद्धची तक्रार तिथे चालत नाही. घरबांधणी ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवा’ धरलेली असल्याने जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. ठेकेदाराला दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगातच चालते, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि वकील सक्तीचा नाही. तिथे करार, यूपीआयच्या नोंदी, सह्यांची वही, थरांचे फोटो आणि अभियंत्याचा अहवाल मांडावा लागतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ठेकेदाराने ‘पुढच्या उन्हाळ्यात करून देतो’ म्हणून दोनदा पुढे ढकलले की ती संपत आलेली असते, त्यामुळे पत्र पहिल्याच पावसाळ्यानंतर जावे.